पैसे देऊ नका ताई, ऑर्डर द्या

युगांडातल्या कंपालाहून एका वाचक ताईंचं पत्र आलंय. लांबलचक आहे, म्हणून मुद्द्याचं तेवढं इथे देते आणि नावं सगळी गाळते. ताई बरीच वर्षं बुगोलोबी भागात राहतायत, मिस्टर तिथल्या एका फॅक्टरीत प्रॉडक्शन बघतात. घरमालकीणबाईंची भाची त्याच कंपाउंडमध्ये मागच्या क्वार्टरमध्ये राहते, वय २२, जवळच नाकावाला मकेरेरे युनिव्हर्सिटी बिझनेस स्कूलमध्ये शेवटच्या वर्षाला आहे, विषय आंत्रप्रन्योरशिप. पोरगी हुशार, कष्टाळू, आणि डोक्यात एकच खूळ, मटोकेच्या सालींचा कोळसा. मटोके म्हणजे ती हिरवी केळी, वाफवून कुस्करून खातात, तिकडे बऱ्याच घरांत त्याशिवाय जेवल्यासारखं वाटतच नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कंपालाचा किटेझीचा कचरा डेपो ढासळला, आजूबाजूची घरं गाडली गेली, ३० हून जास्त माणसं गेली, तेव्हापासून हिने मनावर घेतलंय की शहरातला ओला कचरा डेपोवर जाताच कामा नये.

मग हिने मागच्या अंगणात तेलाचा जुना ड्रम मांडला, त्यात साली जाळते, धुराने शेजारी वैतागलेत. एका पिच कॉम्पिटिशनमध्ये (धंद्याची कल्पना परीक्षकांपुढे मांडायची स्पर्धा) पहिली आली, पुठ्ठ्याचा मोठा चेक हातात धरलेला फोटो आहे, बक्षिसाचे पैसे फी आणि लॅपटॉपमध्ये गेले (जायलाच हवे होते, त्यात काही चुकलं नाही). आता तिला परदेशातून ब्रिकेट, म्हणजे भुकटी दाबून केलेल्या कोळशाच्या वड्या, काढायचं मशीन आणायचंय, त्यासाठी ८० लाख शिलिंग हवेत. आकडा ऐकून दचकू नका, एका रुपयाला चाळीसच्या आसपास शिलिंग येतात, म्हणजे आपले दोन लाखांच्या आसपास. आणि ती म्हणते, आंटी, तुम्ही पार्टनर व्हा. तिची आई गावाहून फोन करून सांगते, हे सोड आणि बँकेत चिकट. ताईंचे मिस्टर म्हणतात एक शिलिंग द्यायचा नाही. आणि ताई विचारतायत, "नाही दिले तर मनाला लागेल, दिले आणि बुडाले तर घरात जन्मभर ऐकून घ्यावं लागेल. काय करू? आणि पुण्यात यातलं कोणाला कळत असेल तर सांगा."

ताई, सरळ सांगते, पैसे देऊ नका. पण हा स्क्रीनशॉट लगेच मिस्टरांना पाठवून जिंकल्याचा आनंद त्यांना देऊ नका, कारण यापुढचं काम त्यांच्याकडेच आहे. त्यांच्या फॅक्टरीत कॅन्टीन असणार, आणि त्या कॅन्टीनमध्ये रोज दुपारी कामगारांसाठी पोशो आणि बीन्स शिजत असणार, मक्याच्या पिठाची घट्ट उकड आणि राजम्यासारखी उसळ, आणि ते सगळं बहुतेक लाकडावर नाहीतर कोळशावर. तिला पैसे नको, तिथली एका महिन्याची ऑर्डर मिळवून द्या. अर्धे पैसे आगाऊ, अर्धे माल पोचल्यावर. हे मी का म्हणते ते नीट सांगते, कारण तुम्हाला तिला समजावून सांगावं लागेल आणि ती प्रश्न विचारणारी पोरगी दिसतेय.

आधी सालींचा हिशोब करू, पिचच्या स्लाइडवर तो नसणार याची मला जवळजवळ खात्री आहे. केळीची ओली साल म्हणजे बहुतेक पाणीच. १०० किलो साली आणल्या तर त्यातलं ८०-८५ किलो पाणी. ते उडालं की उरतात १५-२० किलो सुक्या साली. त्या ड्रममध्ये कमी हवेत जाळल्या, आणि भट्टी नीट साधली, तर त्यातला पाव ते एक तृतीयांश भाग हाती लागतो, म्हणजे चार ते सहा किलो काळी पूड. आता रोज फक्त ५० किलो ब्रिकेट विकायचे म्हटलं तरी रोज टनभर साली गोळा करायच्या आल्या, बोडाबोडावर (तिकडच्या टॅक्सी-मोटारसायकलवर) लादून हे होत नाही, पिकअप लागतो, डिझेल लागतं, पसरायला जागा लागते, आणि कंपालात पाऊस वर्षातून दोनदा, मार्च ते मे आणि परत सप्टेंबर ते नोव्हेंबर, म्हणजे जवळजवळ अर्धं वर्ष साली वाळवायच्या की झाकायच्या हेच चालू. म्हणजे धंदा कोळशाचा असा बोर्ड लावायचा आणि प्रत्यक्षात खर्च करायचा पाणी वाहून नेण्यावर आणि पाणी उडवण्यावर. त्यात साली फुकट मिळतात हेही पूर्ण खरं नाही, गाई आणि डुकरं पाळणारे लोक त्या पोत्यांनी नेतात. आज फुकट आहेत, उद्या हिने रोज टनभर उचलायला सुरुवात केली की भाव फुटेल.

याचा अर्थ साली बिनकामाच्या असं नाही. ओल्या मालाला ओलाच उपयोग शोधावा एवढंच. कंपालात ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या अळ्या अशा कचऱ्यावर वाढवून कोंबड्या-डुकरांच्या खाद्यासाठी विकायचं काम लोक करतात, दोनेक आठवड्यांत अळी तयार होते, वाळवायची भानगड नाही, आणि मागे खत उरतं. तिकडे कोंबडीखाद्यात प्रोटीनसाठी व्हिक्टोरिया सरोवरातली मुकेने नावाची बारकी मासळी घालतात, ती माणसंही खातात, त्यामुळे महाग पडते. तिला किटेझीचंच मनाला लागलं असेल, म्हणजे ओला कचरा डेपोवर जाऊ नये हीच खरी कळकळ असेल, तर तिने अळ्यांचा रस्ता निदान एकदा जाऊन बघावा. किळस येते म्हणून नको म्हणाली तर गोष्ट वेगळी, ती पण समजण्यासारखी आहे.

पण समजा तिला कोळसाच करायचाय. ठीक आहे, धंदा चांगला आहे, मागणी खोटी नाही. युगांडात नाईल नदीवर धरणं आहेत, बुजागालीचं आहे, कारुमाचं ६०० मेगावॉटचं आहे, वीज तयार होते, तरी बहुसंख्य घरांत स्वयंपाक लाकूड-कोळशावरच होतो, कारण वीज महाग वाटते आणि शेगडी घेऊन बसायचं वळण जुनं आहे. त्यात मे २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष मुसेवेनींनी आदेश काढून उत्तर युगांडातली व्यापारी कोळसापाडणी बंद केली, अचोली, लांगो, वेस्ट नाईल, करामोजा, तेसो हा सगळा पट्टा, आणि कंपालात येणारा बराच कोळसा तिकडूनच यायचा. चोरून येतोच, पण पोलिसांचे हात ओले करत आलेला कोळसा स्वस्त कसा राहील. म्हणजे पर्यायी जळणाला आज बाजार आहे, यासाठी कोणाला पर्यावरणावर भाषण द्यायची गरज नाही.

मग कच्चा माल कुठला? माझं मत, कोळशाची भुकटी. कंपालात गल्लोगल्ली कोळसा विकणाऱ्या बाया बसतात, त्यांच्या प्रत्येक पोत्याच्या तळाशी चुरा उरतो, तो कोणी विकत घेत नाही, त्यांना तो टाकून द्यायचा त्रास असतो. नैरोबीत किबेरा वस्तीतल्या बायका हाच चुरा मातीत कालवून हाताने गोळे वळतात आणि विकतात, कुठलंही मशीन नाही. भुकटी आधीच जळून कोळसा झालेली असते, त्यामुळे ड्रम नको, धूर नको, शेजाऱ्यांशी भांडण नको, वाळवायचं ते फक्त तयार ब्रिकेटमधलं पाणी. चाळायची, कसाव्याच्या (साबुदाण्याच्या कंदाच्या) पिठाची पातळ खळ करून त्यात मळायची, दाबायची, उन्हात टाकायची. ती म्हणेल की आंटी, पण भुकटी शेवटी झाडाच्याच कोळशाची ना, मग यात सस्टेनेबल काय. प्रश्न बरोबर आहे आणि तिने तो विचारला तर मला बरं वाटेल. उत्तर असं, की तोडलेल्या झाडाचा जो भाग गटारात जातो तो चुलीत गेला तर तेवढा कोळसा कमी लागतो. याने जंगल वाचलं असं पोस्टरवर लिहू नये, पण पहिल्या महिन्याची मजुरी यातून निघू शकते, सालींतून निघणार नाही. पुढे कॉफीची टरफलं आहेत, शेंगांची टरफलं आहेत, तांदळाचा तूस आहे, हा सगळा सुका माल आहे, पण सिमेंटवाले आणि वीटभट्टीवालेही कॉफीची टरफलं जाळायला उचलतात, त्यामुळे तिथेही भाव विचारूनच हिशोब मांडायचा.

आता गिऱ्हाईक, कारण माझ्या मते सगळं घोडं इथेच अडलंय. पत्रात तुम्ही लिहिलंत की तिने परीक्षकांना सांगितलं, "कंपालातलं प्रत्येक घर माझं गिऱ्हाईक आहे." असं कोणाचंच नसतं हो. ब्रिकेट पेटायला वेळ लावतो, पण एकदा पेटला की तासन् तास मंद धगतो, ठिणग्या कमी उडतात, आणि राख लाकडी कोळशापेक्षा जास्त पडते. आता बघा, रस्त्यावर रोलेक्स विकणारा पोरगा, म्हणजे चपातीत ऑम्लेट गुंडाळून देतात ते, त्याला सकाळी सहाला तवा कडकडीत तापलेला हवा, रांग उभी असते, त्याला हा माल देऊन शिव्या खाऊ नये. पण जो बीन्स शिजवतो, जो पायाचं मटण शिजवतो, जी बाई केळीच्या पानांत मटोके गुंडाळून दुपारपर्यंत मंद आचेवर ठेवते, तिच्यासाठी हाच माल सोनं आहे. कोंबडीच्या पिल्लांच्या शेडमध्ये रात्रभर ऊब लागते, तिथेही. शाळांची, फॅक्टऱ्यांची कॅन्टीनं, तिथेही. म्हणजे विकायचा तर तासन् तास शिजवणाऱ्यांना, घाईवाल्यांना नाही. आणि घराघरात विकायचाच असेल तर पोत्यात नाही, कारण रोजच्या कमाईवर जगणारी बाई कोळसा डब्याच्या मापाने घेते, एक-दोन हजार शिलिंगाचा, आजच्यापुरता. तेवढ्याचीच पिशवी हवी.

म्हणून म्हटलं, कॅन्टीन. आणि ऑर्डर मागायला जाताना भाव किलोमध्ये सांगायचा नाही, कारण किलोला किलो लावला तर गिऱ्हाईक म्हणणार हे राख जास्त देतं. भांड्यामागे सांगायचा. तीच सिगिरी (शेगडीला तिकडे सिगिरी म्हणतात), तेच भांडं, तेवढेच बीन्स, एक दिवस लाकडी कोळसा, दुसऱ्या दिवशी तिचा माल, आधी-नंतर दोन्ही वेळा वजन, किती वेळ लागला, किती राख उरली, सगळं वहीत. आचाऱ्याला तिथेच उभं करायचं आणि त्याच्याकडूनच लिहून घ्यायचं, कारण मॅनेजर सही करतो पण नाही म्हणतो तो आचारीच. राख कमी करायची असेल तर भुकटी चाळून त्यातली माती कमी करायची, एवढं साधं गणित आहे, पण ते चुलीपुढे बसल्याशिवाय कळत नाही.

यापुढची गोष्ट तिला कदाचित आवडणार नाही. तिचं हे काही नवीन नाहीये. मोसेस सांगा नावाच्या माणसाने २००९ च्या सुमारास बँकेतली नोकरी सोडून युगांडातच इको-फ्यूल आफ्रिका काढली, शेतकऱ्यांना ड्रमच्या भट्ट्या दिल्या, त्यांनी आपापल्या शेतातच कचरा जाळून पूड करायची आणि ती विकायची, म्हणजे भट्टी मालाकडे गेली, ओला माल भट्टीकडे आला नाही. ग्रीन बायो एनर्जी म्हणून कंपनी आहे, कंपालातच, त्यांचा ब्रिकेटी नावाचा माल दुकानात मिळतो. स्पर्धेत परीक्षकांना हे सांगितलं की मार्क कमी होतात, म्हणून पोरं सांगत नाहीत. पण धंद्यात उलट आहे, आधी कोणीतरी वाट पाडून ठेवलीय, लोकांना ब्रिकेट म्हणजे काय हे समजावत बसायला नको. माझा सल्ला, तिने मशीनचा विचार करायच्या आधी दोन-तीन महिने दुसऱ्याचा माल घेऊन विकावा. घाऊक भावात दहा-वीस पोती उचलायची, कॅन्टीनला, दोन पोल्ट्रीवाल्यांना, नाकावा मार्केटच्या जेवण शिजवणाऱ्या बायकांना द्यायची. परत कोण मागतं, कोण नाही, कोण उधार ठेवतं, कोण मोबाईल मनीवर लगेच पाठवतं, हे सगळं कळेल, आणि तेही स्वतःचा ड्रम न पेटवता. ज्याला दुसऱ्याचा चांगला माल विकता येत नाही त्याला स्वतःचा पण विकता येणार नाही, हे माझं ठाम मत आहे, कोणाला राग आला तर येऊ दे.

आणि मशीन? गिऱ्हाईक ठरायच्या आधी परदेशी मशीन मागवणं म्हणजे मुलगी बघायच्या आधी मंगल कार्यालय बुक करणं. कंपालातच काट्वेला वेल्डर लोकांची अख्खी वस्ती आहे, पत्रा आणि लोखंडाचं म्हणाल ते करून देतात, हाताने दाबायचा साधा प्रेस त्यांच्याकडून होईल. बाहेरून आलेल्या स्क्रूच्या मशीनमध्ये भुकटीतल्या वाळू-मातीने स्क्रू झिजतो, आणि एकदा झिजला की सुटा भाग येईपर्यंत धंदा बंद, बोटीची वाट बघत बसा. काट्वेचा मिस्त्री निदान शिव्या घालायला तरी समोर असतो.

तुम्ही पुण्याचं विचारलंत. यात पुण्याचं काम खरंच जुनं आहे. डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये आरती ही संस्था काढली, उसाचं पाचट शेतात नुसतं जाळून टाकतात त्याचा कोळसा करायची पद्धत बसवली, त्याला २००२ मध्ये लंडनचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. त्या भट्टीत पाचट डब्यांत भरून तापवतात आणि डब्यातून निघणारा वायूच जळण म्हणून जळतो, त्यामुळे उघड्या ड्रमपेक्षा धूर बराच कमी होतो, तिच्या शेजाऱ्यांना हे ऐकून आनंद होईल. नंतर आरतीचं काम टांझानियात दार-एस-सलामलाही गेलं. (आणि हे सांगितल्याशिवाय राहवत नाही, या आनंद कर्व्यांचे आजोबा म्हणजे महर्षी कर्वे, ते १९३० च्या अखेरीस, वयाच्या ७२ व्या वर्षी, बोटीने आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेले होते, केनिया, युगांडा, टांगानिका, झांझिबार करत थेट दक्षिण आफ्रिकेपर्यंत, आपल्या महिला विद्यापीठाचं काम तिकडच्या भारतीयांना सांगायला. म्हणजे पुण्याच्या कर्व्यांचं पूर्व आफ्रिकेशी नातं दोन पिढ्यांचं झालं.) तर पुण्यातून शिकण्यासारखं आहे, पण पाचट सुकं असतं हे तिने विसरू नये. माहिती मागवा, जरूर मागवा, मशीन मागवू नका. माल तपासायला तर पुण्याला यायचीही गरज नाही, मकेरेरेच्या इंजिनिअरिंग कॉलेजमध्ये क्रीक नावाचं ऊर्जा संशोधन केंद्र आहे, तिथे शेगड्या आणि जळण तपासतात. उष्णता किती, राख किती याचा कागद हातात असला की पोल्ट्रीवाला पण बसून ऐकतो. नैरोबीच्या न्झांबी माटी (Nzambi Matee) या तरुणीचं उदाहरण आहे ना, प्लास्टिकच्या कचऱ्यापासून फरशीचे ब्लॉक करते, २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाने तिला गौरवलं, ती पण आईच्या घरामागे सुरू झाली, मशीनच्या आवाजाने तिचे पण शेजारी ओरडत होते, पण तिचं गाडं पुढे गेलं ते प्रयोगशाळेत बसून मिश्रणाचं प्रमाण ठरवल्यावर.

धुरावरून एक गोष्ट, ही गंभीर आहे. तो ड्रम कंपाउंडमधून आजच हलवायला सांगा, वस्तीच्या बाहेर, मोकळ्यावर. आणि ब्रिकेटला धूर दिसत नाही म्हणून लोकांना वाटतं की बंद खोलीत चालेल. नाही चालत. कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वास येत नाही, आणि झोपेत माणूस जातो. पिल्लांच्या शेडमध्ये रात्री राखणदार झोपतो, तिथे हवा खेळती हवी हे तिने प्रत्येक पिशवीवर लुगांडात, म्हणजे तिथल्या भाषेत, छापावं, ब्रँडच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात.

आता पार्टनरशिप. तुम्ही तिकडे बहुतेक डिपेंडंट पासवर असाल, त्यावर धंदा-नोकरी करता येत नाही, त्यामुळे कागदावर भागीदार व्हायच्या आधी तिथल्या वकिलाला विचारल्याशिवाय सही करायची नाही. पण कायदा बाजूला ठेवला तरी मी नकोच म्हणेन. ती घरमालकिणीची भाची आहे. पैसे अडकले तर उद्या भाड्याच्या बोलण्यात ते निघणार, पाण्याच्या टाकीवरून वाद झाला तरी निघणार. शिवाय तिकडे भारतीय माणूस म्हणजे दुकानाचा, फॅक्टरीचा मालक ही प्रतिमा कित्येक पिढ्यांची आहे, १९७२ मध्ये इदी अमीनने नव्वद दिवसांत जवळजवळ सगळ्यांना हाकललं त्याचीही आठवण घरोघरी वेगवेगळी आहे. तुम्ही पैसे दिलेत की तुम्ही आंटी राहणार नाही, बॉस व्हाल, आणि तुम्हाला ते झेपेल असं पत्रावरून तरी वाटत नाही. गिऱ्हाईक झालात तर मात्र दोघींना मोकळेपणाने बोलता येतं, माल ओला आला तर तुम्ही परत करू शकता, तिला वाईट वाटलं तरी ते धंद्याचं वाईट वाटणं असतं.

ऑर्डर मात्र कागदावर हवी. किती किलो, कुठल्या तारखेला, भाव काय, आगाऊ किती, माल वेळेवर नाही आला तर काय. एक पान पुरे, दोन सह्या, फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर. मिस्टर एवढ्याला नाही म्हणणार नाहीत, कारण यात त्यांच्या खिशातून काही जात नाही, कॅन्टीनचं जळण तसंही विकत घेतच असतील. आणि हा कागद तिच्यासाठी त्या पुठ्ठ्याच्या चेकपेक्षा उपयोगाचा आहे, पुढे साकोकडे, म्हणजे तिकडच्या बचत पतसंस्थेकडे, कर्ज मागायला गेली तर तिला कोणी गिऱ्हाईक कुठेय असं विचारणार नाही.

स्पर्धांबद्दल थोडं बोलते, आपल्याकडेही पुण्या-मुंबईच्या कॉलेजांत हेच चाललंय म्हणून. पोरं पाच मिनिटांत परीक्षकांना खूश करायला शिकतात, इम्पॅक्ट, स्केल, सर्क्युलर इकॉनॉमी हे शब्द तोंडपाठ होतात, आणि नाकावा मार्केटमधल्या बाईसमोर उभं राहिलं की तोंडातून शब्द फुटत नाही, कारण ती बाई विचारते, किती वेळ जळतं आणि कितीला. स्पर्धा अगदी सोडू नकोस म्हणावं, पण वर्षाला एकच. टोनी एलुमेलू फाउंडेशनचा कार्यक्रम आहे, आफ्रिकेतल्या नव्या उद्योजकांना ५,००० डॉलर बीजभांडवल देतात, परत करायचे नसतात, अर्ज साधारण जानेवारी-फेब्रुवारीत भरतात आणि अर्जाला फी नाही. त्यांच्या नावाने कोणी प्रोसेसिंग फी मागितली तर तो चोर. आणि कार्बन क्रेडिटचे, म्हणजे प्रदूषण कमी केल्याबद्दल विकता येणाऱ्या प्रमाणपत्रांचे, पैसे मिळवून देतो म्हणणारा कोणी कन्सल्टंट भेटला तर चहा पाजून वाटेला लावावा, चुलींच्या क्रेडिटमध्ये बचत वाढवून दाखवतात हे २०२४ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिलंय, त्यांनी तपासलेल्या प्रकल्पांत सरासरी नऊ पट जास्त क्रेडिट वाटली गेली होती. त्या पैशावर वहीतला हिशोब मांडू नये.

राहिली तिची आई. आई चुकत नाहीये हो, शेतावर राबून फी भरलेली बाई आहे, तिला पगाराची तारीख असलेली नोकरी दिसली पाहिजे. तिला सांगायचं की पोरगी डिग्री पूर्ण करतेय, परीक्षेच्या महिन्यात माल बंद, आणि सुट्टीत ती एखाद्या ब्रिकेटच्याच कंपनीत इंटर्न म्हणून लागतेय का बघतेय. पुढे बँकेत लागली तरी काही बिघडत नाही, उलट कर्ज देणारा माणूस काय बघतो हे आतून कळेल, आणि शनिवार-रविवार माल विकता येतोच. फक्त हे आईला तुम्ही फोन करून सांगू नका, मालकिणीला सांगू द्या, बहीण बहिणीचं ऐकते, भाडेकरणीचं कशाला ऐकेल.

तर आता करायचं एवढंच. या आठवड्यात मिस्टरांकडून कॅन्टीनच्या कॉन्ट्रॅक्टरचा नंबर घ्या आणि तिला द्या, फोन तिने स्वतः करायचा, तुम्ही नाही. शनिवारी दुपारची वेळ मागून घ्यायला सांगा, तोपर्यंत जेवणं आटोपलेली असतात आणि आचारी जरा बरा बोलतो. जाताना दहा किलो ब्रिकेट, वजनकाटा, वही आणि स्वतःच्या पैशाने घेतलेले बीन्स न्यायचे. लॅपटॉप घरी ठेवायचा.